तंबूतले गणित

संशोधनाच्या कामासाठी सहज बरोबर नेता येईल असा लहानसा संगणक घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा? हा प्रश्न आज शहरातच विचारला जातो असे नाही. उमरग्याला किंवा लातूरला पदार्थविज्ञान शिकणारा मुलगा तो विचारतो, भूगर्भशास्त्र घेतलेली मुलगी विचारते, पावसाच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवणारा शिक्षकही विचारतो. दुकानदार या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देतो. इतकी स्मृती, इतका वेग, इतक्या इंचांचा पडदा, इतके रुपये. हे आकडे काही खोटे नसतात. पण ते यंत्राचे आकडे झाले. आपल्या कामाचे आकडे त्यांत कुठे असतात? आणि आपले काम नेमके काय आहे हेच ठरलेले नसेल, तर उत्तम यंत्रसुद्धा गैरसोयीचे ठरते.

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. गणित करण्याचे साधन माणसाने आपल्याजवळ ठेवावे, की गणित साधनाकडे पाठवावे, हा वाद दोनशे वर्षांपासून चालत आला आहे. त्याचा इतिहास पाहायचा तर दूर अमेरिकेत जाण्याची गरज नाही. तेरणेच्या खोऱ्यातले सास्तूर हे गाव डोळ्यांसमोर ठेवले तरी पुरे. सास्तूर आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. १९९३ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते आणि गाव उमरगा तालुक्यात मोडत असे.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून माणसे उशिरा घरी आली आणि झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी मोजली गेली. जगाच्या हिशेबात हा काही प्रचंड भूकंप नव्हे. अशा तीव्रतेचे भूकंप पृथ्वीवर दरवर्षी कितीतरी होतात. परंतु या एका भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी, मंगरूळ, तळणी, होळी, सास्तूर अशी गावेच्या गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन बसली.

इतकी माणसे का गेली, याचे पहिले उत्तर घरांत होते. मराठवाड्यातली माळवदाची घरे आपण पाहिली असतील. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आत-बाहेर दगडाचे दोन थर आणि मध्ये मातीची भर, वर लाकडी तुळयांवर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात असे घर गारवा देते. पाऊस गळू नये म्हणून वर्षा-दोन वर्षांनी माळवदावर मातीचा नवा थर चढतो आणि छप्पर दरवेळी थोडे जड होते. जमीन हलली, तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ती सगळी माती निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. ज्या घराने पिढ्यान्पिढ्या सावली दिली, त्यानेच घात केला.

पण दुसरी काही उत्तरे अशी होती की ती नुसत्या डोळ्यांनी दिसणारी नव्हती. दख्खनचे पठार म्हणजे जुना, थंडावलेला, स्थिर कातळ, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा समज होता. १९८४ च्या भारतीय मानकातील नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. मग हे घडले कसे? पुन्हा घडेल काय? घडले तर कुठे? जवळच माकणीला तेरणेवर धरण झाले होते. त्या धरणाच्या पाण्याने तर भूकंप ओढवून आणला नाही ना? गाव त्याच जागी बांधावे की दुसरीकडे न्यावे? उघड्यावर पावसात बसलेली माणसे हे प्रश्न विचारत होती आणि जमीन अधूनमधून हलतच होती. रोज नवी अफवा उठत होती. अशा वेळी अफवेला उत्तर एकच असते, ते म्हणजे मोजमाप.

आता हे मोजमाप कसे होते ते थोडक्यात पाहू, कारण संगणकाच्या निवडीचे मर्म त्यातच आहे. भूकंप झाला की खडकांतून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या, म्हणजे प्राथमिक लहरी, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावतात. दुसऱ्या, दुय्यम लहरी, सुमारे साडेतीन किलोमीटर. वीज आधी चमकते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो, तसाच हा प्रकार. दोन लहरींच्या येण्यात जितके सेकंद गेले, त्याला सुमारे साडेआठने गुणा, म्हणजे भूकंपाचे ठिकाण किती किलोमीटरवर होते ते कळते. समजा, सास्तूरच्या शाळेत ठेवलेल्या यंत्रावर हे अंतर तीन सेकंदांचे आले, तर धक्क्याचे मूळ तिथून पंचवीस किलोमीटरवर आहे. पण कोणत्या दिशेला? ते एका यंत्रावरून कळणार नाही. त्यासाठी निदान तीन ठिकाणची यंत्रे हवीत. तिन्हींची वर्तुळे जिथे मिळतात ते ठिकाण. मूळ किती खोल आहे हेही पाहिजे असेल, तर यंत्रे जास्त आणि अगदी जवळ हवीत.

गणित सोपे वाटते, नाही? एका धक्क्यापुरते सोपेच आहे. पण मोठ्या भूकंपानंतर शेकडो लहान धक्के येतात. प्रत्येक धक्क्याची प्रत्येक यंत्रावरची वेळ शोधायची, अंदाजे ठिकाण धरायचे, तिथून लहर केव्हा पोचली असती ते काढायचे, चूक पाहायची, ठिकाण थोडे सरकवायचे, पुन्हा तेच गणित करायचे. चूक कमीत कमी होईपर्यंत हा क्रम चालवायचा. असे शेकडो बिंदू नकाशावर मांडले म्हणजे जमिनीखालच्या भेगेचा आकार दिसू लागतो. माणसाच्या हाताने हे व्हायचे तर महिने लागतात.

मग पूर्वी हे कसे करीत? पूर्वी संगणक म्हणजे यंत्र नव्हते, माणूस होता. विल्यम लॅम्टन याने हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली सुरू केली. ही मोजणी दक्षिणेकडून वर सरकत सरकत आपल्या बाजूला आली आणि १८१५ च्या सुमारास बिदरजवळ दामरगिद्द्याला तिची एक पायारेषा मोजली गेली. पुढे काम उत्तरेकडे नेताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्टन वारला. त्याची कबर आजही तिथे आहे. या मोजणीच्या तळावर दुर्बिणी होत्या, साखळ्या होत्या, हत्ती-उंट होते आणि गणित करणारी माणसेही होती. या माणसांच्या हुद्द्याचे नावच मुळी कॉम्प्युटर! बंगालचे राधानाथ सिकदार १८३१ साली याच हुद्द्यावर मोजणी खात्यात आले. पुढे एव्हरेस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या शिखराची उंची काढण्याच्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता. तात्पर्य, त्या काळी दुर्बीण, गणिताची कोष्टके आणि गणित करणारे डोके ही तिन्ही एकाच तंबूत असत. दुपारी घेतलेल्या कोनात चूक दिसली, तर दुसऱ्या दिवशी तो कोन पुन्हा घेता येई. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

त्या तंबूतली साधने लहान होती. जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली आणि गुणाकाराची बेरीज झाली. त्याच तत्त्वावर पुढे सरकपट्टी निघाली. ती इंजिनियरच्या खिशात साडेतीनशे वर्षे राहिली. पुढे हाताने फिरवायची गणनयंत्रे आली. त्यांतले कुर्टा नावाचे यंत्र मुठीत मावेल एवढे होते. कुर्ट हर्त्सश्टार्क या ऑस्ट्रियन कारागिराने त्याचे आराखडे नाझींच्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैदी असताना पुरे केले आणि १९४८ पासून ते विकले जाऊ लागले. पाव किलोहूनही हलके, वीज लागत नाही, भूमापकाच्या खिशात राहते. सुटसुटीत गणकयंत्र म्हणून आजही त्याचे कौतुक वाटावे.

यानंतर मात्र गणित तंबूतून उठले आणि दिवाणखान्यात जाऊन बसले. इलेक्ट्रॉनिक संगणक आला. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला पहिला मोठा संगणक १९६० साली चालू झाला. त्याचे नाव टिफ्रॅक. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची आणि एकेक शब्द चाळीस अंकस्थानांचा. आजच्या मापाने सुमारे दहा किलोबाइट. आज दुकानात सोळा गिगाबाइट स्मृतीचा लॅपटॉप मिळतो, त्याची स्मृती टिफ्रॅकच्या पंधरा लाखांहून अधिक पट भरते. तरीही त्या दहा किलोबाइटांवर पदार्थविज्ञानाची खरीखुरी संशोधने झाली, हे विसरून चालणार नाही. १९६४ साली त्याच संस्थेत परदेशी बनावटीचा सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरचे संशोधक आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर उतरवून त्याच्याकडे आणू लागले.

यंत्र थोर होते, पण ते जागचे हलत नव्हते. शेतातली नोंद कागदावर उतरायची, कागद मुंबईला जायचा, कार्डे व्हायची, पाळी यायची, उत्तर यायचे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला भूकंप झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे गेली. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतो काय, हा प्रश्न साऱ्या जगापुढे कोयनेने ठेवला. तिथे धरणाच्या आसपास भूकंपमापके होती म्हणून तो प्रश्न विचारता आला आणि पुढे त्याचा दीर्घ अभ्यास झाला. पण त्या काळी काजळी धरलेल्या किंवा छायाचित्रणाच्या कागदावरची नागमोडी रेघ भिंगातून वाचून सेकंद मोजावे लागत. गणित लांब, उत्तर उशिरा. दरम्यान यंत्र बिघडले असेल किंवा चुकीच्या जागी ठेवले असेल, तर ते कळेपर्यंत ते धक्के येऊन गेलेले असत. कोन पुन्हा घेण्याची ती जुनी सोय गेली होती.

ती सोय परत यायला १९७२ साल उजाडले म्हणायचे. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक, खिशात मावणारा वैज्ञानिक गणक, ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५, बाजारात आला आणि सरकपट्टीचे दिवस भरले. दुसरी, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या ली आणि लाहर या दोघांनी भूकंपाचे ठिकाण काढण्याचा एक आज्ञासंच प्रसिद्ध केला, हायपो-७१. आधी तो मोठ्या संगणकांसाठी होता. पुढे मेजावरच्या लहान संगणकांवरही तो चालू लागला आणि जगभर वापरला गेला.

१९८१ साली ऑसबोर्न-१ नावाचा संगणक सुटकेससारखा मूठ धरून नेता येऊ लागला. त्याचे वजन अकरा किलो, पडदा पाच इंचांचा आणि वीज नसेल तर उपयोग शून्य. जवळजवळ गव्हाची गोणी उचलल्यासारखेच ते! १९८२ साली एप्सनचा एचएक्स-२० आला. वजन दीड किलोच्या आसपास, स्वतःची बॅटरी, स्वतःचा छोटा मुद्रक, पण पडदा केवळ चार ओळींचा. त्याच वर्षी ग्रिड कंपास निघाला. पडदा झाकणासारखा मिटणारा, आज आपण ज्याला लॅपटॉप म्हणतो त्या घडणीचा. किंमत आठ हजार डॉलरांवर. अंतराळयानात नेण्यासाठी अमेरिकेने तो घेतला, यावरून तो कुणासाठी होता हे उघड आहे. १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १०० मात्र घड्याळात घालतात तशा साध्या चार सेलवर वीसेक तास चालत असे. त्याचा वेग बेताचा, पण वार्ताहरांनी तो डोक्यावर घेतला. का? कारण त्यांचे काम लिहिण्याचे होते आणि बाहेरगावी सेल मिळत होते.

पाहा, त्या दोन-तीन वर्षांतच निवडीचे सगळे प्रश्न उभे राहिले होते. पडदा मोठा घेतला तर वजन वाढते. वेग वाढवला तर बॅटरी उतरते. सगळेच चांगले मागितले तर किंमत हाताबाहेर जाते. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, त्यानंतर हा पेच पुष्कळ सैल झाला. सुटला मात्र नाही. आजही तोच पेच आपल्यापुढे असतो, फक्त आकडे बदलले आहेत.

आता पुन्हा सास्तूरकडे येऊ. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या परिसरात धक्के जाणवले होते. लोक घाबरले होते, काही दिवस उघड्यावर झोपलेही होते. मग धक्के थांबले आणि माणसे घरात आली. त्या वेळी गावांच्या अगदी जवळ यंत्रांचे दाट जाळे नव्हते. दूरच्या केंद्रांवर नोंदी झाल्या, पण मूळ नेमके कुठे आणि किती खोल, हे सांगायला जवळची यंत्रे लागतात. मला गैरसमज करून द्यायचा नाही. जाळे असते तर भूकंपाची तारीख आधी कळली असती असे मुळीच नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगण्याची विद्या आजही कुणाकडे नाही. पण पायाखालची जमीन जिवंत आहे, एवढे आकड्यांनी सिद्ध झाले असते आणि जड माळवदांकडे निदान कुणी वेगळ्या नजरेने पाहिले असते.

मुख्य धक्क्यानंतर यंत्रे आली. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आली, हवामान खाते आले, जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्राचे पथक आले. गावोगाव उचलून नेण्याजोगी भूकंपमापके मांडली गेली. त्यांत अंकीय नोंद करणारी यंत्रेही होती, म्हणजे रेघेऐवजी थेट आकडेच साठवणारी. भिंगाने वाचण्याचे काम यामुळे सुटते आणि आकडा सरळ संगणकात जातो. या नोंदींतून दिसले ते असे: भूकंपाचे मूळ फार खोल नव्हते, वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांतच होते. उथळ होते म्हणून वरचा हादरा इतका जबर. जमिनीखाली एक बाजू दुसरीवर चढली होती आणि किल्लारीजवळच्या शेतात तिची खूण उंचवट्याच्या रूपाने वर आली होती. पुढे किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचा काळा बेसॉल्ट केवळ ३३८ मीटर निघाला. त्याखाली कोट्यवधी वर्षे जुना मूळ खडक. ज्या कातळावर आपण विसंबलो, तो वरची एक चादर होती म्हणायची. त्या भेगेवर पूर्वी कधी भूकंप झाला होता काय, याचा शोध घेण्यासाठी चर खणले गेले. प्राचीन तेर नगरीच्या परिसरातही जुन्या हादऱ्याच्या खुणा संशोधकांनी तपासल्या. माकणीच्या जलाशयाचा वाद शास्त्रज्ञांत बरीच वर्षे चालला. काहींनी त्याचा हात असू शकतो म्हटले, इतरांना तो पुरावा पुरेसा वाटला नाही. वाद आकड्यांवर झाला, ही त्यातली चांगली गोष्ट.

या मोजमापाचा परिणाम कागदावर राहिला नाही. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, सास्तूरही त्यांत आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी पुनर्वसन योजना झाली. २००२ साली भूकंपाच्या धोक्याचा नकाशा सुधारला, तेव्हा पहिला पट्टाच काढून टाकला आणि किल्लारी-सास्तूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात घातला. म्हणजे नव्या शाळेच्या, नव्या दवाखान्याच्या खांबांत किती लोखंड घालायचे हे बदलले. शेतात साठवलेल्या सेकंदांच्या नोंदींचा शेवट हा असा, खांबातल्या लोखंडात होतो.

हा सगळा इतिहास ऐकल्यावर आता आपला पहिला प्रश्न पुन्हा विचारू. लहान संगणक कोणता घ्यावा?

पहिली गोष्ट, आपल्या नोंदींचे वजन काढा. किलोचे नव्हे, बाइटांचे. एक भूकंपमापक तीन दिशांची हालचाल सेकंदाला शंभर वेळा टिपते आणि एका आकड्याला चार बाइट लागतात असे धरा. एका दिवसाच्या नोंदी सुमारे १०४ मेगाबाइट होतात. अशी दहा यंत्रे महिनाभर चालली तर ३१ गिगाबाइट. हे उदाहरण भूकंपाचे झाले, पण पावसाच्या, पिकांच्या, रुग्णांच्या नोंदींनाही हीच रीत लावता येते. या गणितातून दोन गोष्टी कळतात. साठवणीसाठी पाचशे गिगाबाइट ते एक टेराबाइटची घन तबकडी, जिला एसएसडी म्हणतात, ती पुष्कळ झाली. आणि महिन्याचा सगळा साठा एकदम स्मृतीत घ्यायचा नसतो, एकेक दिवस घेऊन काम करायचे असते. ते ज्याला जमले, त्याला सोळा गिगाबाइट स्मृती बहुतेक कामांना पुरते. मोठे नकाशे, उपग्रहचित्रे किंवा एकाच वेळी अनेक तक्ते लागत असतील, तर बत्तीस घ्यावी. मात्र एक लक्षात ठेवा. पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकावरच डाक लावून बसवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. म्हणून काटकसर करायचीच तर दुसरीकडे करा, स्मृतीत नको.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बऱ्याच कंपन्या आपला लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत चाळीसच्या वर पारा जातो! यंत्र तापले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. त्यामुळे कागदावर जो वेग छापलेला असतो तो पाच मिनिटांचा असतो, पाच तासांचा नव्हे. घेण्यापूर्वी जमले तर आपलेच एखादे गणित त्यावर अर्धा तास सलग चालवून पाहा आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते किती मंदावते ते बघा. ज्याला पंखा नाही असा पातळ संगणक शांत आणि हलका असतो खरा, पण लांबच्या गणिताला पंखेवालाच बरा.

तिसरी गोष्ट विजेची. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात. पन्नास वॅट-तासांची बॅटरी आणि कामात सरासरी आठ वॅटांचा खर्च, म्हणजे सहा तासांच्या वर निभाव. हा भागाकार शाळेतल्या मुलालाही येतो, पण खरेदी करताना फार थोडे लोक तो करतात. टाइप-सी पद्धतीने चार्ज होणारे यंत्र घेतले, तर पुरेशा ताकदीच्या बाहेरच्या बॅटरीवरून किंवा योग्य जोडणी असलेल्या सौर पत्र्यावरूनही ते भरता येते. तार तुटली तरी तालुक्याच्या गावी दुसरी मिळते. मॉडेल १०० च्या त्या चार साध्या सेलांचा धडा हाच होता.

चौथी गोष्ट पडद्याची आणि कळफलकाची. तेरा-चौदा इंचांचा पडदा, वजन सव्वा-दीड किलो, हे खांद्यावरच्या पिशवीला मानवणारे माप. पडदा चकचकीत नसावा. उन्हात त्यात आकड्यांऐवजी आपलेच तोंड दिसते. कळा दिवसभर लिहिता येईल अशा असाव्यात. मराठी नोंदी मराठीतच करता येतात ना, तेही तिथेच तपासावे.

पाचवी गोष्ट आज्ञासंचांची. आपले गुरुजी, आपले सहकारी कोणते साधन वापरतात ते आधी विचारा. पायथन, आर यांसारखी साधने फुकट आहेत आणि जवळजवळ कोणत्याही संगणकावर चालतात. भूकंपाच्या नोंदींसाठी ऑब्सपाय नावाचा संचही असाच मोफत मिळतो. परंतु एखाद्या उपकरणाबरोबर येणारा संच एकाच प्रणालीवर चालतो, मग बाकी सगळे छान असूनही लॅपटॉप निरुपयोगी. चित्रगणकाची म्हणजे ग्राफिक्स कार्डाची गरज आपल्या कामाला खरोखर आहे काय, हेही इथेच ठरते. बहुतेकांना ती नसते आणि ते कार्ड वजन, उष्णता आणि किंमत तिन्ही वाढवते.

सहावी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. यंत्र हरवते, पडते, भिजते. नोंद मात्र पुन्हा मिळत नाही. गेलेला धक्का परत येत नाही आणि तो येऊही नये. म्हणून नोंदीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. लॅपटॉपच्या किमतीतून बाहेरच्या साठवण-तबकडीचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात लॅपटॉप पाहा. लॅपटॉपच्या घड्याळावरही आंधळा विश्वास नको. भूकंपाच्या कामात एका सेकंदाची चूक म्हणजे सहा किलोमीटरची चूक. वेळ उपग्रहाकडून घ्यावी. आणि एक साधी वही जवळ असू द्यावी. यंत्र कुठे ठेवले, केव्हा हलवले, शेजारून ट्रॅक्टर केव्हा गेला, हे वहीतच लिहावे लागते.

आपण म्हणाल, मग अवाढव्य गणिते या लहान यंत्रावर करायची कशी? करायचीच नाहीत. पुण्याच्या सीडॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. आज पुण्याच्या आयसर संस्थेत परम ब्रह्म आहे, इतर विद्यापीठांतही अशी यंत्रे आहेत. फार मोठे काम दुरून त्यांच्याकडे पाठवता येते. शेतातला लॅपटॉप हा महासंगणकाचा धाकटा भाऊ नव्हे, त्याचे काम वेगळे आहे. आज घेतलेली नोंद आजच पाहणे, चूक आजच पकडणे आणि उद्या सकाळी यंत्र योग्य जागी हलवणे, हे त्याचे काम. लॅम्टनच्या तंबूत जे होत असे तेच. मधली काही दशके आपण ते गमावले होते, एवढेच.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक कागद घ्या. आपण काम कुठे करणार, तिथे वीज किती तास असते, दिवसाला किती नोंदी होतात, त्या कुणाला दाखवायच्या आहेत आणि यंत्र बिघडले तर सर्वांत जवळ कोण दुरुस्त करील, एवढे त्यावर लिहा. या पाच उत्तरांत बसणारे यंत्र मागच्या वर्षीचे असेल, कदाचित एखाद्या कचेरीतून निघालेले दुसऱ्या हाताचे, दणकट बांध्याचे असेल. संकोच करू नका, घ्या. आणि घेतल्यावर ते मेजावर ठेवू नका, पिशवीत घालून कामाच्या जागी न्या. सास्तूरसारख्या गावात पुढच्या वेळी जमीन हलली, तर ती कुठे आणि किती खोल हलली, हे त्याच गावच्या शाळेतल्या एखाद्या मुलीने संध्याकाळपर्यंत काढून दाखवावे. साधने आज तेवढी स्वस्त आणि हलकी झाली आहेत. जवळ बसून मोजणारी माणसे मात्र अजून हवी आहेत.